लुप्त झालेली धोंडाक्का

“लुप्त म्हंजी काय ओ, सर?”

धोंडाक्का माझ्या पॅनलसमोर उभी होती. पॅनल म्हणजे म्युझियममधल्या वस्तूशेजारी लावलेली माहितीची मोठी पाटी. मी क्युरेटर, वस्तू मांडायच्या आणि पाट्या लिहायच्या हे माझं काम. म्युझियम म्हणजे तरी काय, हुलसूरजवळच्या एका गावातला जुना जनावरांचा दवाखाना. तिथल्या ट्रस्टनं मांजरेच्या खोऱ्यातल्या मोटा, पेरणीच्या पाभरी, घोंगड्या गोळा केल्या आणि मला बोलावलं.

“लुप्त म्हणजे... कमी झालेलं,” मी थाप मारली.

“नात तर म्हणली, मेलेलं.”

पाटीवर मी लिहिलं होतं, ‘घोंगडी विणण्याची ही कला खोऱ्यातून आता लुप्त झाली आहे.’ आणि धोंडाक्काचा माग म्युझियमच्या मागच्याच गल्लीत चालू होता. मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. पाटीखालची मागाची जुनी फणी तिनंच दिलेली. तिच्या ओसरीवर बसून मी चहा प्यालो होतो. लोकरीचा धागा ताठ राहावा म्हणून ती चिंचोक्याची खळ लावते, तेही बघितलं होतं. पण एकटी म्हातारी विणते, तिला कोण धरतंय, असं मला वाटलं. शिवाय वाक्य झकास जमलं होतं. उद्घाटनाला पाहुणे तिथंच थांबून हळहळले आणि मी मागं उभा राहून खूश झालो. सांगायला लाज वाटते.

“मी हाय की जित्ती,” ती म्हणाली. “मग कामून लिवलाव?”

मग तिनं झालेलं सांगितलं. निंबर्ग्याचं एक मेंढपाळ घराणं घरातल्या दर लग्नाला तिच्याकडूनच घोंगड्या न्यायचं. नवरा-नवरीला त्यावर बसवतात, पाहुण्यांनाही आहेर म्हणून देतात. यंदा म्हातारे कारभारी थकले म्हणून पुतण्या आला. तिचा पत्ता विचारायला म्युझियममध्ये शिरला, पाटी वाचली आणि उदगीरला जाऊन दुकानातली ब्लँकेटं घेऊन गेला.

“लोकर कातून ठेवली मी. मागावर ताणा चढलाय. आता कुणाच्या गळ्यात घालू?” तिचा आवाज चढला. “माझं गिऱ्हाईक पळवलाव की ओ, सर! चोर तरी रातीला येतंय.”

मी तडक ट्रस्टच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांचं बियाण्यांचं दुकान. सगळे त्यांना अप्पा म्हणतात.

“अप्पा, ती घोंगडीची पाटी काढावी लागेल.”

“कामून? लोकं तिथंच तर फोटो काढायलेत.”

“खोटं आहे ते वाक्य.”

“मग लिवलाव कशाला?”

अप्पांनीच मग गाडी काढली आणि आम्ही दोघं निंबर्ग्याला गेलो. लग्न उरकलं होतं. पुतण्या बिचारा खजील झाला.

“आता आमच्यात लगीन कुठलं? धाकटा अजून साळंत हाय. अन् पाटीवर छापलेलं व्हतं सर, आमी कसं खोटं म्हणावं?”

नवी पाटी मी लगेच लिहून दिली. घोंगडी आजही विणली जाते, कोण विणतं, घर कुठं, सगळं घातलं. ती छापून यायच्या आत एका सकाळी धोंडाक्का दारात हजर. बरोबर हातगाडा, त्यावर मागाची लाकडं. ती कोळारला लेकीकडे निघाली होती. जावई तिथं गोदामात कामाला आहे. लोकर तिनं गादीवाल्याला देऊन टाकली होती.

“अक्का, नवी पाटी येतेय. गिऱ्हाईक येईल,” मी हात जोडले.

“यील तवा यील. एका लग्नावर वरीस काढायची मी. यंदाचं वरीस कोण देतंय?” तिनं लाकडं उतरवून घेतली. “घ्या. अन् आता ते खोडू नका. बरोबर हाय ते.”

माग आता आमच्या म्युझियममध्ये आहे. लोक म्हणतात, किती छान जपलंय तुम्ही. मी दुसऱ्या खोलीत निघून जातो.

या कामात नव्यानं येणाऱ्या पोरांना मी गावात फिरा, लोकांना भेटा असलं काही सांगत नाही. मी तर जाऊन चहा पिऊन आलो होतो. मी एवढंच म्हणतो, पाटी छापायला टाकायच्या आधी, जिच्याबद्दल लिहिलंय तिला ती वाचून दाखवा.