पितांबरचं नाव हजेरीवर नव्हतं

लाईट गेली की लोक मेणबत्ती शोधतात. मी आधी फोन उचलते आणि दीपाला विचारते, "मशीनपाशी कोण आहे?"

"कुणी नाही गं आई. बटण बंद केलंय, प्लगही काढलाय."

तिचा आवाज ऐकेपर्यंत मी जागची हलत नाही. मी पहिल्यापासूनच भित्री. मुलीला शाळेतून यायला जरा उशीर झाला तरी मी फाटकात जाऊन उभी राहायची. पण लाईटची ही भीती नवी आहे, आणि ती पितांबरमुळे आली.

पितांबर आमचा सालदार, म्हणजे सालभरासाठी ठेवलेला गडी. आमचं गाव अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठाला. तिथे सालदाराचं साल अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. कागद नसतो, सही नसते. त्या दिवशी तो मालकाच्या घरी जेवायला बसला की समजायचं, पुढचं साल राहिला. मी बी.ए. होऊन, लग्न करून त्या घरात आले, तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. माझ्या यजमानांना तो भाऊ म्हणायचा आणि मला वहिनी. त्यानंतरची प्रत्येक आखाजी तो आमच्याच घरी जेवला.

बोलायला मोठा गमत्या. कडबा कापायच्या कुट्टी मशीनला त्याने सासू नाव ठेवलं होतं. "ही सासू शे. कितलं बी टाका, तोंड उघडंच!" असं म्हणत तो तिच्या तोंडात पेंढ्या कोंबायचा, आणि त्याची बायको बेबाबाई गोठ्याच्या दारातून ओरडायची, "मनी सासूले नावं ठेऊ नको हां!" दीपमालाला, म्हणजे आमच्या दीपाला, पावसाळ्यात खांद्यावर बसवून तोच शाळेत पोचवायचा. चिखलात त्याचा पाय घसरेल म्हणून मी दारात जीव मुठीत धरून उभी असायची. तो एकदाही घसरला नाही.

यजमान गेले. शेत आम्ही बटाईने दिलं आणि मी दीपाकडे जळगावात आले, मेहरूणला. तिने फूड टेक्नॉलॉजी केलं होतं, दोन ठिकाणी नोकरीही केली होती, आणि आता एमआयडीसीत शेड भाड्याने घेऊन केळीचे वेफर्स काढत होती. आम्ही सामान लावत होतो तोच पितांबर आणि बेबाबाई वळकटी घेऊन दारात.

"अरे, शेत तर दिलं ना आपण," मी म्हटलं.

"वावर नही, तं मी काय करू? पोर जठे, तठे मी."

शेडच्या मागे एक खोली होती. ती त्यांना दिली.

दीपाचं काम सुरुवातीला चार बायकांवर भागायचं. मग मागणी वाढली, बायका वाढल्या, आणि एक दिवस तिचा कन्सल्टंट म्हणाला की माणसं दहा झाली की कामगार विमा योजनेत नोंदणी करावीच लागते. मला तर त्या दिवसापासून झोप नाही. मी तिला रोज विचारायची, भरलंस का, दाखवलंस का, राहिलं तर काय होतं? दीपा हसायची, पण तिने सगळं नीट केलं. प्रत्येक बाईला नेमणुकीचं पत्र मराठीत लिहून दिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांची बँकेत खाती काढली. आधार, फोटो, बोटांचे ठसे झाले. फोटो काढताना प्रमिलाबाई म्हणाली, "बाई गं, माझ्या लग्नात इतके फोटो काढले असते तर नवरा मला विसरला तरी नसता!" सगळा शेड हसला.

मग दीपाने त्यांना मशीनपाशी उभं केलं. केळी कापायचं मशीन, आत फिरती पाती. अडकलं तर आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच जाळी उघडायची. प्रत्येकीकडून तिने ते करून घेतलं. पितांबर पलीकडे केळीचे घड उतरवत होता. त्याला कुणी बोलावलं नाही. तो घरचा होता ना.

पण नोंदणीसाठी दीपाने त्याला बोलावलंच. तेव्हा तो तिच्याकडे असा बघायला लागला की जणू तिने त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलंय.

"मी काय परका शे का, दीपा? मना नाव कसाले लिखस?"

"काका, कायदा आहे."

"कायदा या बायासना करता. तुना बापनी मना अंगठा कधी लिधा नही."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही फक्त चहा. मी दीपाला म्हटलं, "रुसू दे त्याला. नाव घाल. उद्या काही झालं तर?"

"आई, तुला सगळीकडे उद्याच दिसतो," ती म्हणाली. "आखाजीपर्यंत समजावते त्याला. रडकुंडीलाच आला होता गं तो."

आणि ते तसंच राहिलं. बायकांची हजेरी मशीनवर बोट ठेवून लागायची. पितांबर सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा, आणि त्याची हजेरी कुठेच नव्हती. वेफर्सच्या मशीनला तो सून म्हणायला लागला. "सासूसारखी खडखड नही करत. गुपचूप काम करस."

फेब्रुवारीतली दुपार होती. मी डबा घेऊन शेडवर गेले होते. लाईट गेली. पंखे थांबले, तशा बायका मशीनपासून उठून दाराशी वाऱ्याला येऊन बसल्या. बटण चालूच राहिलं, पण प्लग काढल्याशिवाय जाळीला हात लावायचा नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं. मशीनमध्ये केळ्याचा तुकडा अडकला होता. पितांबर तिकडे गेला.

गावाला लाईट वेळापत्रकाने जाते. गेली की गेली, संध्याकाळपर्यंत बघायला नको. कुट्टी साफ करायची तर ती लाईट नसतानाच, हे त्याने जन्मभर केलेलं. लाईट नाही म्हणजे यंत्र मेलं. त्याने जाळी सरकवली आणि हात आत घातला. एमआयडीसीत लाईट जाते तशी येतेही, हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

मला आधी पंख्याचा वारा लागला. बरं वाटलं. मग प्रमिलाबाई किंचाळली.

उजव्या हाताची दोन बोटं. त्याहून जास्त मला लिहवत नाही.

दीपा गाडी चालवत होती, मी मागे त्याचा हात टॉवेलमध्ये धरून. तो कण्हत नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता. मध्येच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, पोरनं नाव लेऊ नका. कुट्टीमा गया सांगा. वावरमा."

मी टॉवेल आणखी घट्ट धरला. दीपानेही ऐकलं होतं, कारण आरशात तिचे डोळे माझ्याकडे वळले.

दवाखान्यात तिने कन्सल्टंटला फोन लावला. व्हरांड्यात मी तिच्या शेजारीच होते, फोनमधलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"तो स्वतःच शेतात म्हणतोय ना? मग तुम्ही कशाला तोंड उघडता, मॅडम? त्याचं नाव कुठेच नाही. म्हणजे तो तुमच्याकडे नव्हताच."

"आणि खरं सांगितलं तर?"

"विमा खातं त्याला उपचार देईल, कायमच्या अधूपणाचं दरमहा काहीतरी देईल. आणि ते सगळं तुमच्याकडून वसूल करेल. वर दंड. खटलाही होऊ शकतो. पोलीस तर येतीलच."

"आणि शेतात म्हटलं तर काकाला काय मिळेल?"

"शेतातल्याला काय मिळतं, मॅडम?"

दीपाने फोन ठेवला आणि पैसे भरायला काउंटरकडे गेली.  पोलीस हा शब्द ऐकल्यापासून मला दुसरं काही दिसत नव्हतं. पोलीस ठाण्याचा बाक, त्यावर माझी मुलगी, शेडला कुलूप. बाप नाही, भाऊ नाही. तिला कोण सोडवणार? मी मनात ठरवूनच टाकलं, गप्प बसायचं.

बेबाबाई रिक्षाने आली. खाटेजवळ खालीच बसली आणि बँडेजकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "वहिनी, आते याले काम कोन देई?"

"कसाले रडस?" पितांबर तिच्यावरच चिडला. "वहिनी शे ना. घर शे ना आपलं."

डॉक्टर आले. तरुण होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "कुठे झालं हे?"

"वावरमा. कुट्टीमा गया."

"नक्की? कारखान्यात झालं असेल तर आम्हाला वेगळं कळवावं लागतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही यांच्या कोण?"

सोपा प्रश्न होता. घरचे, एवढं म्हटलं की संपलं असतं. पितांबरला तेच ऐकायचं होतं. माझ्या ओठांवरही तेच आलं होतं.

पण दीपा म्हणते तसा मला उद्या दिसला. या वेळी दीपाचा नाही, त्याचा. मी नसेन. दीपाचं लग्न होऊन ती पुण्यात असेल, नाशकात असेल. शेडमध्ये दुसराच कुणी असेल. आणि पितांबर गावच्या पारावर हा हात मांडीवर ठेवून बसलेला. घर कुठलं, विचारलं तर कुणाकडे बोट दाखवणार तो?

"मालक," मी म्हटलं. डॉक्टरांना ते नीट ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, "आम्ही यांचे मालक. आमच्या कारखान्यात हात गेलाय. आज दुपारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पितांबर माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने माझ्याशी आवाज चढवला नव्हता. "वहिनी, खोटं कसाले बोलतस?" म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढचे दिवस मी कसे काढले मलाच माहीत. पोलीस आले, जबाब लिहून घेऊन गेले. मग नोटीस. फाटकाशी स्कूटर थांबली की मी खिडकीशी पळायची. दीपा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "मी पैसे भरून आले ना आई, तेव्हा मीच सांगणार होते."

"खरंच?"

ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. "माहीत नाही गं," म्हणाली.

शेवटी विमा खात्याचे साहेब पितांबरचा जबाब घ्यायला त्याच्या खोलीवर आले. दीपा आणि मी दाराशी उभ्या. आता सगळं त्याच्या तोंडी होतं. तो कुट्टीवर अडून बसला असता, तर मी खोटी ठरले असते, ते चाललं असतं. पण त्याला मिळायचं ते कायमचं अडकलं असतं. आणि तो अडून बसणारा माणूस आहे, हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

"पितांबरभाऊ," साहेब म्हणाले, "तुम्ही इथे कामाला होतात का?"

त्याने दीपाकडे पाहिलं.  दीपाने होकाराची मान हलवली. पलीकडून बेबाबाई पुटपुटली, "बोल ना."

"व्हतू," तो म्हणाला. थांबला. मग जड गोणी उतरवावी तसं म्हणाला, "मी यासना कामगार शे."

उजवा हात बांधलेला, म्हणून साहेबांनी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. पितांबर शाईचा अंगठा धोतराला पुसत राहिला, डाग जाईपर्यंत.

प्रकरण अजून चालू आहे. दीपाला किती भरावं लागेल, खटला होईल का, काहीच कळलेलं नाही. शेड चालू आहे, इतकंच. पितांबरला पहिली रक्कम मंजूर झाल्याचा निरोप आला. आता तो मशीनच्या प्लगपाशी स्टूल टाकून बसतो. लाईट गेली की सगळ्यांच्या आधी तोच ओरडतो, "प्लग! प्लग काढा!" आणि स्वतः डाव्या हाताने प्लग ओढतो.

दीपाला तो आता मॅडम म्हणतो. मला मालकीणबाई. आधी वाटलं टोमणा मारतोय, चार दिवसांनी विसरेल. पण त्याच्या आवाजात टोमणा नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

उद्या आखाजी. पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे, आंबे पिकले आहेत. आता साल लागण्यासाठी त्याने आमच्याकडे जेवायची गरज नाही. त्याची नेमणूक कागदावर आहे, खाली दीपाची सही आहे. जेवायला ये म्हणून मी त्याला सांगितलेलं नाही. संध्याकाळी दोनदा त्याच्या खोलीपर्यंत जाऊन परत आले. घरच्या माणसाला आपण आवतण देत नाही. दिलं, तर तो खरंच परका होईल. नाही दिलं, आणि तो आलाच नाही, तर?

ओट्यावर मी ताटं काढून ठेवली आहेत. दीपाचं, माझं, बेबाबाईचं आणि त्याचं. दीपाने ती मोजलेली मला दिसली.  जाताना फक्त त्याच्या ताटाजवळ, डाव्या बाजूला, एक चमचा ठेवून गेली.