शांतवन मास्तरांचं अर्धं छप्पर

फोन आला तेव्हा मी अकोल्याला लेकीकडे तुरीची डाळ निवडत बसले होते. "मॅडम, शांतवन मास्तर गेले. सकाळीच," अमरावतीच्या चर्चचे पाळक म्हणाले. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी आला तो राग. छप्पर अर्धंच झालेलं, आणि हा माणूस खुशाल निघून गेला! लेकीनं परात बाजूला ओढली, तेव्हा कळलं की मी निवडलेली डाळ पुन्हा खड्यांतच टाकत होते.

आमच्या शाळेत मास्तर गणित शिकवायचे आणि मी मराठी. शाळेच्या शेजारीच त्यांचं चर्च. काळ्या दगडाचं, जाड भिंतींचं, वर सागवानी वासे आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं. माझं जाणं देवळात, पण मधल्या सुट्टीत मी चर्चच्या पायऱ्यांवर डबा खायची. त्यामागे रूथवहिनींचा आवाज होता. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या दुपारी एकट्याच आत गीतांचा सराव करायच्या. पेटी नाही, तबला नाही. तो आवाज छताला लागून खाली यायचा, तेव्हा घास हातातच राहायचा. मग एका पावसाळ्यात वाळवीनं पोखरलेला वासा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण चर्चला कुलूप बसलं आणि उपासना शाळेच्या व्हरांड्यात होऊ लागली. ते कुलूप असतानाच वहिनी गेल्या. त्यांची शेवटची प्रार्थना रस्त्याच्या कडेला मांडवात झाली. ट्रक आणि ऑटोंच्या आवाजात गीताची एक ओळ धड ऐकू आली नाही. मास्तर त्या दिवशी मला म्हणाले, "बाई, ज्या छपराखाली ती जनमभर गायली, तिथून तिले नेता आलं नाही मले." त्यानंतर छप्पर हेच त्यांचं एक काम होऊन बसलं.

सगळ्यांचं म्हणणं होतं, स्लॅब टाका. स्वस्त पडेल, लवकर होईल, वाळवीची कटकट नाही. एकटे मास्तर अडून बसले. त्यांना चुना हवा, सागवान हवं, कवेलू हवेत. बैठकीत कुणीतरी चिडून विचारलं, "काहून मास्तर? स्लॅबखाली देव येत नाही काय?" मास्तर म्हणाले, "देव कुठीबी येते. पण स्लॅबखाली आवाज भांडते. लाकडाखाली तो ऐकून घेते." लोकांनी हात टेकले. पण त्या हट्टाची किंमत मोठी होती, आणि ती उभी करायची जबाबदारीही मास्तरांवरच आली.

त्यांनी त्यासाठी हंगामाचा सण धरला. पीक घरात आलं की चर्चमध्ये पहिल्या मालाचं दान येतं. धान्य, भाजी, अंडी, कोंबड्या... आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. हा लिलाव पूर्वी घरच्या घरात चालायचा. मास्तरांनी तो साऱ्या गावासाठी खुला केला. खटाऱ्या स्कूटरवर ते खेडोपाडी फिरले. बौद्ध वस्तीतून ज्वारी आली, पाटलांच्या वाड्यावरून तूर आली, कुणी कापसाचं बोचकं दिलं. कुणाला सण समजावून सांगत बसले नाहीत. "देवाच्या घराले छप्पर नाही," एवढंच म्हणायचे. आमच्या वऱ्हाडात एवढं ऐकल्यावर कुणी नाही म्हणत नाही.

त्या लिलावाची एक रीत आहे. बोली जिंकणारा पैसे देतो आणि वस्तू परत टेबलावर ठेवतो. मग तीच वस्तू पुन्हा बोलीला चढते. भातकुलीचे गजाननभाऊ, भाजीचे अडते, पहिल्यांदाच आले होते. त्यांनी एका कोहळ्यावर अशी बोली लावली की अंगणातल्या साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग भाऊंनी पैसे मोजले, कोहळं उचललं आणि मोटरसायकलला बांधायला लागले. सगळे आ वासून पाहताहेत. मास्तर शांतपणे मागून गेले.

"भाऊ, कोहळं ठेवून जा न."

"काहून? पैसे देल्ले न म्या!"

"म्हणूनच त ठेवा म्हणतो. इथं भाव वर जाते, माल घरी जात नाही."

भाऊंनी दोरी सोडली, कोहळं टेबलावर आणून आदळलं आणि म्हणाले, "मंग माही अजून एक बोली!" असं हसलं ते अंगण! पुढच्या हंगामाला भाऊ पोतंभर कोहळी घेऊन आले. माणसं जोडायची मास्तरांची ही अशी तऱ्हा. कुणाची चूक झाली की तिलाच पाहुण्यासारखा पाट मांडून द्यायचे.

यंदा काम सुरू झालं आणि मास्तरांचं दुखणं वाढलं. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात मी गेले की तब्येतीचं विचारू द्यायचे नाहीत, वासे किती चढले ते विचारायचे. उत्तरेची बाजू पुरी झाली त्या दिवशी मी चर्चमधून त्यांना फोन लावला. "बाई, मधात उभ्या राहा न एक टाळी वाजवा." मी वाजवली. पलीकडून मास्तर धापा टाकत म्हणाले, "नाही... अजून अर्धी आभाळात चालली. दुसरी बाजू झाली की सांगजा." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

अकोल्याहून मी पोचले तेव्हा लोक चर्चमध्येच जमले होते. पाळकांनी मास्तरांची शवपेटी छपराच्या पुऱ्या झालेल्या बाजूखाली ठेवली होती. निम्मी माणसं सावलीत, निम्मी उन्हात. गीताची पहिली ओळ झाली आणि सगळे मध्येच थांबले. इतकी वर्षं व्हरांड्यात गाणाऱ्या लोकांना स्वतःचाच आवाज वरून परत येताना ऐकून कसंतरीच झालं असावं. मग पुन्हा गायले, आणि फार सुंदर गायले. माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "स्लॅब टाकला असता त मास्तरच्या डोयादेखत झालं असतं." खोटं नव्हतं ते. मला पुन्हा त्यांचा राग आला. ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला ते साऱ्या गावाच्या कानावर पडत होतं, आणि ज्याला ऐकायचं होतं तो तिथेच डोळे मिटून पडला होता.

परवा दुसऱ्या बाजूचे कवेलू बसले. मी मुद्दाम दुपारी गेले. एक बाई चुन्याची धूळ झाडत होती, बाकी कुणी नव्हतं. मी मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली. आवाज वर गेला, तिथे जरासा टेकला आणि सावकाश खाली आला. रूथवहिनींचा यायचा, तसाच.

झाडणारी बाई केरसुणी थांबवून म्हणाली, "काय पायता बाई वरतं? झालं न आता सारं?"

"झालं," मी म्हटलं. तेवढ्यानं भागेना. मान वर करून मी पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं, "झालं, मास्तर."