रियाधमधल्या तीन शाळा आणि नवऱ्याचा तक्ता

आमची मुलगी आठवीत होती आणि तिची शाळा आठवीलाच संपत होती. नववीपासून कुठे घालायचं, हा प्रश्न त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज जेवणाबरोबर वाढला जायचा. रियाधमध्ये तोवर भारतीय मुलांसाठी बऱ्याच शाळा निघाल्या होत्या. प्रत्येक ओळखीच्या घरी एक शाळा उत्तम होती आणि दुसरी अगदीच टाकाऊ. फक्त उत्तम कुठली आणि टाकाऊ कुठली, यावर दोन घरांचं कधी एकमत होत नव्हतं.

माझा नवरा एका बँकेत कॉम्प्युटर विभागात होता. लोकांच्या मतांवर त्याचा विश्वास नव्हता. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून बसून त्याने एक तक्ता तयार केला. आडव्या ओळींत तीन शाळा, उभे चौदा रकाने. वर्गातल्या मुलींची संख्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, बसला लागणारा वेळ, दहावीचा निकाल, पोहण्याचा तलाव. प्रत्येकाला दहापैकी गुण. तो तक्ता त्याने ऑफिसातल्या दोन मित्रांना मेल केला. महिन्याभरात तोच तक्ता जेद्दाहच्या कुणा अनोळखी गृहस्थाकडून फिरून त्याच्याकडेच आला. वर लिहिलं होतं, ‘जाणकार पालकांनी अभ्यासपूर्वक केलेला.’ नवऱ्याने तो प्रिंट काढून मला दाखवला. ‘बघ,’ म्हणाला. मी बघितलं. निम्मे रकाने रिकामे होते.

ते भरायचे तर शाळा आतून पाहायला हव्या होत्या, आणि इथेच जाणकार पालकांची पंचाईत झाली. मुलींच्या विभागात पुरुषांना प्रवेश नव्हता. म्हणजे तक्ता त्याचा, पण जायचं मी. आणि गाडी चालवायची मुभा मला नव्हती, म्हणून पुन्हा त्यानेच रजा काढून मला न्यायचं.

निघण्याआधी मी शेजारच्या भाभींना विचारलं. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या यजमानांचं बत्त्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं आणि त्यांची तीन मुलं रियाधमध्येच शिकून मोठी झाली होती.

“भाभी, तुमच्या अनुभवानं कुठली शाळा चांगली?”

“मी काय सांगू तुम्हाला!” त्या पुऱ्या लाटता लाटता म्हणाल्या. “मोठा त्या मोठ्या शाळेत शिकला, मधली छोट्या शाळेत, धाकटा तिसरीकडं. तिघांचं अक्षर सारखंच वाईट.”

नवऱ्याने हे ऐकून घेतलं, पण यासाठी रकाना नव्हता.

पहिली शाळा सर्वांत मोठी. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने माझ्या मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, “कॅमेरा?” कॅमेऱ्याचे फोन तेव्हा नुकतेच आले होते आणि मुलींच्या शाळेत त्यांना सक्त मनाई होती. माझा फोन इतका जुना होता की तो पाहून त्याने मला सहानुभूतीनेच आत सोडलं. ऑफिसबाहेर चाळीसेक आया अबाया सावरत बाकांवर बसल्या होत्या. दीड तासाने माझा नंबर लागला. मी कागद उघडून पहिला प्रश्न विचारला, की एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थिनी असतात?

खिडकीमागच्या हैदराबादी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, आपको सीट होना या जवाब होना?”

मी म्हटलं, “सीट.”

“तो ये फॉर्म भरो. टेस्ट मार्चमें है.”

बाहेर आले तर नवरा गाडीत पेन उघडून तयार. “काय म्हणाल्या?”

“फॉर्म दिला.”

“आणि प्रमाण?”

“प्रमाणाचं त्यांना विचारलेलं आवडलं नाही.”

त्याने त्या रकान्यात बारीक अक्षरात ‘माहिती अप्राप्य’ लिहिलं.

दुसऱ्या शाळेपर्यंत आम्ही पोचलोच नाही. रियाधमध्ये पत्ता म्हणजे रिंग रोडच्या एक्झिटचा नंबर. आम्ही एकामागून एक एक्झिट ओलांडत गेलो, तशा इमारती संपल्या, मग फर्निचरची गोदामं संपली आणि उजवीकडे उंट दिसायला लागले. बस पहाटे किती वाजता निघावी लागेल याचा हिशेब नवऱ्याने मनात केला आणि गाडी वळवली. त्या शाळेची प्रयोगशाळा कशी होती ते मला आजतागायत ठाऊक नाही.

तिसरी शाळा मलाझ या जुन्या वस्तीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात होती. तक्त्यात ती तळाला होती, पण पोहण्याचा तलाव असलेली ती एकटीच, म्हणून नवऱ्याने तिला शेवटची संधी दिली होती. तलाव खरोखर होता. फक्त त्यात पाणी नव्हतं. निळ्या फरश्यांवर सतरंज्या अंथरल्या होत्या आणि सकाळची प्रार्थना तिथे व्हायची. बुटक्या मुली उथळ बाजूला आणि उंच मुली खोल बाजूला उभ्या राहायच्या, म्हणजे सगळ्यांची डोकी एका पातळीत येत. मला ही कल्पना इतकी आवडली की हातातला कागद मी पर्समध्ये कोंबला.

मुख्याध्यापिका केरळच्या, पन्नाशीच्या. ऑफिसात नव्हत्या, नववीच्या वर्गावर गणित घेत होत्या. गणिताच्या बाई महिन्यापूर्वी फायनल एक्झिट घेऊन कायमच्या गावी गेल्या होत्या आणि परीक्षा तोंडावर होती. त्यांनी मला वर्गातच मागच्या बाकावर बसवलं. “पाच मिनिटं,” म्हणाल्या.

फळ्यावर एक मुलगी अडली होती. दोन समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये कोपरासारखी वाकलेली एक रेघ. वाकल्या जागचा कोन काढायचा होता. ती मुलगी पुसत होती आणि पुन्हा तेच लिहीत होती. बाई घड्याळ बघत होत्या. लग्नाआधी मी दोन वर्षं पुण्याला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं होतं. त्यानंतर पंधरा वर्षांत खडू हातात धरला नव्हता. मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही, पण उठले.

“त्या कोपऱ्यातून अजून एक समांतर रेघ काढ,” मी हिंदीत म्हटलं. “आता एक कोनाचे दोन झाले की नाही?”

तिने रेघ काढली. दोन क्षण बघत राहिली आणि मग “ओऽऽ” असं इतक्या जोरात ओरडली की सगळा वर्ग हसला. मागून एकीने विचारलं, “मिस, दूसरावाला भी बताओ ना.” मी दुसरं सांगितलं. मग तिसरं. पर्समधला फोन थरथरत होता. बाहेर गाडीत बसलेल्या माणसाला ग्रंथालयात पुस्तकं किती ते हवं होतं.

तासाभराने मी बाहेर आले तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

“इतका वेळ? प्रयोगशाळा बघितलीस?”

“नाही.”

“ग्रंथालय?”

“नाही रे. शनिवारपासून जायचंय.”

“कोणी?”

“मी.”

त्याने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अगं, आपण तिच्यासाठी शाळा बघायला आलो होतो.”

“हो ना,” मी म्हटलं. माझ्या काळ्या अबायाच्या बाहीवर कोपरापर्यंत खडू होता.

रात्री झोपायच्या आधी त्याने विचारलं, “वर्गात किती मुली होत्या?” मी म्हटलं, चोवीस. त्याने उठून दिवा लावला आणि तेवढा रकाना भरला.

मला वाटलं होतं, मुलगी आता माझ्याबरोबरच येईल. एकाच बसने जाऊ, एकाच डब्यातलं खाऊ. मी तिला हे रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “आई, प्लीज. यू टीच देअर, आय स्टडी समव्हेअर एल्स.”

“का गं?”

“तू घरी चिडतेस तशी तिथे चिडलीस तर?”

नवऱ्याला फार हसू आलं. मार्चमध्ये तिने मोठ्या शाळेची परीक्षा दिली आणि तिला सीट मिळाली. तिथली निवड तिने का केली, हे आम्हाला नंतर कळलं. तिची जिवलग मैत्रीण त्याच बसमध्ये होती.

एप्रिलपासून घरात दोन शाळा झाल्या. एका वर्गात अठ्ठेचाळीस मुली, दुसऱ्यात चोवीस. तिच्याकडे संगणकांची खोली, माझ्याकडे कोरडा तलाव. संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून तिच्या बाईंच्या नकला करायची आणि मी ऐकताना मनातल्या मनात स्वतःला तपासायचे.

दुसऱ्या वर्षी मुलींच्या शाळांची गणिताची स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत दोन संघ उरले, माझ्या शाळेचा आणि तिचा. ती पलीकडच्या टेबलावर, हात घंटीवर. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने तर माझ्याकडे अजिबातच पाहिलं नाही. शेवटचा प्रश्न विचारून होण्याआधीच तिने घंटी दाबली आणि बरोबर उत्तर दिलं. माझ्या मुली हरल्या. माझे हात टाळीसाठी उठले आणि मांडीवर परत आले. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका माझ्या कानाशी हिंदीत म्हणाल्या, “वाजवा हो, आई आधी, मिस नंतर.”

मध्यंतरात ती हातात सामोशांची बशी घेऊन आली. सोबत तिच्या तीन मैत्रिणी. मला वाटलं, ओळख दाखवणारच नाही. पण तिने एका हाताने मला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “धिस इज माय मदर. हरलेल्या टीमची मॅथ्स मिस.”

मग बशी माझ्यापुढे धरून मराठीत, हळूच विचारलं, “चिडली नाहीस ना?”