सतरा सारख्या पुंगळ्या

हॅरोमध्ये माझ्या शेजारी वरदा राहते. चौतीस वर्षे हॉस्पिटलच्या फार्मसीत काढून ती निवृत्त झाली. भाऊ म्हणाला, आता बागकाम कर. तिने पोलिसांकडून परवाना काढला आणि रायफल क्लबात नाव घातले.

यंदा मे महिन्यात क्लबच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती वरदाला हवी होती. पण हजार यार्डांवर तिच्या गोळ्या हातभर वर-खाली लागत. कॅप्टन मार्टिनने शनिवारी चाचणी ठेवली.

वरदा काडतुसे स्वतः भरते. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन त्याच पुन्हा भरायच्या. बाहेरून सगळ्या सारख्या, पण जड पुंगळीत पितळ जास्त, म्हणजे आत जागा कमी. दारू तेवढीच घातली तरी दाब वाढतो आणि गोळी वर जाते. म्हणून एका वजनाच्या निवडायच्या. वजने लिहायला तिने मला बोलावले.

मंगळवारी एकशेवीस पुंगळ्या तोलून झाल्या. बुधवारी तिने फार्मसीतल्या सवयीने दहा पुन्हा तोलल्या. दहाही हलक्या भरल्या, आणि प्रत्येक वेगळ्या मापाने. काटा तपासला, तो बरोबर होता. मग तिने एका पुंगळीत कापसाची काडी घातली. ती ओली निघाली. धुतल्यावर रात्रभर टॉवेलवर ठेवल्या होत्या, त्या वाळल्या असे ती धरून चालली होती. आतले पाणी अजून उडत होते, तसे वजन घटत होते.

मी म्हटले, अर्ध्या थेंबाने काय होतंय?

"शशीताई, तान्ह्या बाळाच्या औषधात अर्धा थेंब जास्त पडला, तर असंच म्हणाल?"

मी वहीतली दोन्ही पाने खोडली. पुंगळ्या गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात वाळायला गेल्या आणि गुरुवारी आम्ही पहिलीपासून सुरुवात केली. चाचणीला सतरा लागणार होत्या, दोन नेम जुळवायला अंदाजाच्या आणि पंधरा गुणांच्या. संध्याकाळपर्यंत सोळा जमल्या. सतरावी जराशी जड होती.

"घाल त्यातच. कोण बघतंय?" मी म्हटले.

"गोळी बघते ना," ती म्हणाली. त्या पुंगळीवर तिने काळी खूण केली आणि ती अंदाजाच्या पहिल्या गोळीसाठी बाजूला ठेवली.

शनिवारी मी थर्मास घेऊन मागे खुर्चीत बसले. पंधराही गोळ्या उंचीला वीतभर जागेत लागल्या. मार्टिन दुर्बिणीतून बघत राहिला. पण शेवटी वारा फिरला, चार गोळ्या उजवीकडे सरकल्या आणि एका गुणाने जागा कॉलिनला गेली. वरदा राखीव. तिने कॉलिनचे अभिनंदन केले, रायफल पुसली. मग आम्ही गाडीने घरी निघालो.

"उंची जमली," ती म्हणाली. "वारा राहिला. सोमवारी दहाला मोकळ्या आहात ना?"

सोमवारी गेले तर टेबलावर पुंगळ्या नव्हत्या. मार्टिनकडून तिने पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी मागून आणल्या होत्या. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि पहिले पान वाचायला घेतले.