ओटच्या मुळांची निळाई

ओट म्हणजे आमच्याकडे म्हशींची वैरण. औरंगाबादेत राहून त्यावर पीएच.डी. करते म्हणून घरी माझी भरपूर चेष्टा व्हायची. पण ओटच्या मुळांत एक रसायन असतं. ज्या बुरशीनं गव्हाची मुळं कुजतात, ती ओटच्या मुळांपाशी आली की त्या रसायनानं मरते. रसायन असेल तर अतिनील दिव्याखाली मुळाचं टोक निळं चमकतं. चमकलं नाही तर ते बियाणं माझ्या कामाचं नाही.

माझी मुळं चमकत होती. मार्गदर्शक सर मात्र दिव्यापाशी वाकून बघायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. "बेटा, दिसावं असं वाटतं, म्हणून तुम्हाला दिसतं," म्हणाले. दोनदा बियाणं बदललं, दोनदा रोपं उपटून फेकली. फेलोशिप संपत आली होती. आणखी एक हंगाम वाया गेला असता तर पीएच.डी. तिथंच राहिली असती. विभागातल्या दोघांनी माझ्याजवळ कबूल केलं, की निळं दिसतंय. सरांसमोर दोघंही घसा खाकरत राहिले. मला त्यांची चीड आली. पुढं पुढं तर माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.

त्या उन्हाळ्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला मी पडेगावला त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीला आम्ही खाला म्हणायचो. त्या वैतागल्या होत्या. गेली काही वर्षं सरांना धुतलेले कुर्ते पिवळट दिसायचे, म्हणून त्या नीळ वाढवत गेल्या होत्या. आता पट्टी निघाल्यापासून सर एकेक कुर्ता परत करत होते.

"म्हणतात, एवढी नीळ कशाला टाकली? अगं, त्यांनीच तर टाकायला लावली."

चहा पिता पिता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोतीबिंदूमुळे इतकी वर्षं सरांना निळा रंग नीट दिसतच नव्हता.

सर कामावर रुजू झाले तेव्हा मी ताजी रोपं दिव्याखाली ठेवून त्यांना बोलावलं. ते वाकले, आणि या वेळी त्यांनाही निळं दिसलं. मला आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. सर मात्र स्टुलावर बसले.

"तुमच्या आधी जो मुलगा हे काम करत होता, त्यालाही मी हेच म्हणालो होतो."

तो काम अर्धवट सोडून गेला होता. लासूर स्टेशनला त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. सरांना माफी मागायचीय, येऊन जा, असा त्याला निरोप धाडू का, मी विचारलं.

"नको. माफीसाठी तो यायचा नाही," सर म्हणाले. "मुळं चमकतायत, एवढंच सांगा."