सोवळ्यातून उठलो त्या सकाळी

माझ्या पत्नीला, मंगलला, योनिमुखाच्या त्वचेचा आजार होता. एवढं साधं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. कर्करोग नव्हता, त्याच्या आधीची अवस्था होती. मलमाचे उपचार चालू असतानाच तिथे गाठी आल्या आणि फुटून वाहू लागल्या. आजार कर्करोग होऊन आत पसरला असावा, अशी डॉक्टरबाईंना शंका आली. बराच भाग काढावा लागेल, असं त्या म्हणाल्या. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते.

मी घाबरलो आणि दत्तमहाराजांपुढे एकवीस दिवसांच्या पारायणाचा संकल्प केला. कानडी मुलखातल्या येलहंक्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. जखम वाहते म्हणून मी मंगलचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं आणि देवघराकडे फिरकू नकोस, असं तिला सांगितलं. पट्टी बदलायला रोज सकाळी बेळगावकडच्या एक नर्स येत, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या आल्या की मी पाठ फिरवून मोठ्याने वाचायचो. जखम मी एकदाही पाहिली नव्हती. "तुमचे महाराज मला बरं करायला आले, तर तेही उंबऱ्यावरूनच परत जाणार का हो?" मंगलने एकदा विचारलं. मी पान उलटलं. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं, अशी मनाची समजूत घालत होतो. खरं म्हणजे मला किळस वाटत होती आणि ती लपवायला सोवळं फार सोयीचं होतं.

सतराव्या दिवशी सकाळी मंगलला अक्कांचा फोन आला, तिने तो स्पीकरवर ठेवला. बस वाटेत बंद पडली होती. रात्रीत एक नवी गाठ फुटून पट्टी पार भिजली होती. मंगल आरसा घेऊन स्वतःच खटपट करू लागली. तिचं कण्हणं ऐकू येत होतं, तरी मी वाचतच होतो. फोनमधून अक्कांचा आवाज आला, "अण्णा आहेत की घरात!"

"ते सोवळ्यात आहेत," मंगल म्हणाली.

"मग चांगलंच की! हात धुतलेलेच असतील. अण्णा, स्वल्प जरा उठा बघू."

मी उठलो. ओवी अर्धवट राहिली. तिच्या पायांशी बसून मी पट्टी सोडवली. कुठे धरायचं, कुठे ओलं करायचं, ते तीच मला सांगत होती. पुवात बारीक पिवळे कण होते, भिजलेल्या रव्यासारखे. अक्कांना सांगितलं, तर त्यांनी कणांचा रंग पुन्हा विचारून घेतला. "असं मी इथं कधी बघितलं नाही. टाकू नका ते. स्वच्छ डबीत घाला आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जावा."

डॉक्टरबाईंनी ते कण उजेडात धरून पाहिले आणि शस्त्रक्रिया थांबवून नमुना तपासायला पाठवला. त्या गाठी कर्करोगाच्या नव्हत्याच. त्वचेत सावकाश घर करणाऱ्या एका दुर्मिळ जिवाणूचा तो संसर्ग होता. औषधं कित्येक महिने चालली. त्या महिन्यांत पट्टी मीच बदलत होतो, आधी पट्टी, मग पूजा. जखमा भरल्या. मूळ आजाराचा छोटासा तुकडा तेवढा काढावा लागला. तपासणीत कर्करोग कुठेच सापडला नाही.

तो अहवाल घेऊन आम्ही जयनगरच्या एका हॉटेलात गेलो. लाकडी बाकावर मंगल ताठ बसली, इतके महिने लागणारी उशी न घेता. डोसा संपवून तिने दुसरा मागवला. तिला असं खाताना पाहून मला भर गर्दीत रडू फुटलं. "अहो, लोक बघतायत. बिल मी देते हवं तर," ती म्हणाली. मी तिथेच तिची माफी मागितली. तिने लगेच माफ केलं नाही. "बघू," म्हणाली आणि चटणी पुढे सरकवली.

त्या दिवशी अक्कांची बस का बंद पडली, याचा मी शोध घेत नाही. महाराजांना मी सतरा दिवस हाका मारत होतो. त्यांनी मला हाक मारली ती बाहेरच्या खोलीतून, आणि माझा संकल्प मोडूनच मला तिच्याजवळ नेलं. शरण जाणं म्हणजे नेमानं बसून राहणं, असं मला वाटत होतं. आता वाटतं, जिथे किळस येते तिथे हात घालायला उठणं, हेच ते असावं. पारायण पुरं झालं नाही. माझी मंगल मात्र बरी झाली.