आबांचा केशरी पाहुणा

पणदऱ्यात आमच्या शेजारच्या आबांनी हॉलमध्ये समुद्रच आणून ठेवला होता. खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचेची टाकी आणि तिच्यात एकुलता एक केशरी मासा. घरी आलेलं कुणी उपाशी राहता कामा नये, हा आबांचा नेम. पाहुण्यापुढं चहा ठेवला की ते माशालाही चिमूटभर खाद्य टाकत, आणि पाहुणा म्हणाल तर रोज अर्धा तालुका येई. उरलेलं खाद्य कुजून टाकीत शेवाळ असं माजलं, की म्हैस सोडली असती तर महिनाभर चरली असती. आबा बाही सारून ते उसातल्या तणासारखं उपटत.

"आबा, खाद्य कमी करा, शेवाळ आपोआप हटेल," मी म्हणालो.

"तू चा प्यायचा आन् त्यानं नुस्तं बघायचं व्हय रं?"

पुढं काच पुरती हिरवी झाली. मासा दिसेना, पण चिमूट चुकली नाही. दिवाळीच्या साफसफाईत आबांनी काच खरवडली, तर आत मासाच नव्हता. कधी गेला, कुणालाच कळलं नव्हतं.

आबांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि सवयीनं खाद्याच्या डब्यात बोटं घातली. चहा संपवून मी उठलो, तरी ती चिमूट त्यांच्या बोटांतच होती.